कणकेचा चौथा गोळा

गल्लीच्या टोकाला टायरचं दुकान होतं आणि दुकानाच्या मालकाला सगळे सावकाश म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे सावकाश. चाक बसवून झालं, गाडी जॅकवरून खाली उतरली, की तो तिच्या पाठीवर म्हशीला मारतात तशी एक थाप मारायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "सावकाश." गिऱ्हाईक अँब्युलन्सचा ड्रायव्हर असला तरी तेच.

माणूस भित्रा होता, त्यात झाकण्यासारखं काही नव्हतं. तरुणपणी मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात तो उस्तादाच्या हाताखाली काम शिकत होता. ट्रकच्या चाकात हवा भरताना रिमवरची लोखंडी कडी सुटली आणि पत्र्याचं छप्पर फोडून वर गेली. हा तेव्हा मागच्या नळावर पेले विसळत होता. धावत येऊन बघतो तर उस्ताद जमिनीवर बसलेले, दोन्ही कानांतून रक्त येतंय, आणि ते आपले विचारतायत, "कोणी बोलतंय का रे?" त्या कानांनी पुढे कधीच काही ऐकलं नाही. त्या दिवशी याच्या पोटात जी भीती शिरली ती पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली.

पण खरं सांगायचं तर त्या भीतीनंच त्याचं दुकान चालवलं. हवा भरायची तर चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून. नट आवळायचे तर एकदा आवळून, पाणी पिऊन, परत आवळायचे. लोक हसायचे, आणि लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की त्याच्याकडेच यायचे. बायको म्हणायची, "जन्माला येतानासुद्धा तुम्ही दाराशी थांबून दोन्हीकडे बघून घेतलं असणार."

अशा माणसाच्या पोटी मुलगा आला तो विमा विकणारा. दिवसभर लोकांना मरणाच्या, अपघाताच्या गोष्टी सांगून घाबरवायचं आणि स्वतःला मात्र भीतीचा वारा नाही. त्याने एक निळी गाडी घेतली. दारं चार, घरच्या माणसांची गाडी म्हणावी अशी, पण काळीज शर्यतीच्या गाडीचं. जमिनीला पोट टेकवून बसायची आणि चालू केली की दुकानातले पान्हे खिळ्यांवर थरथरायचे. गाडी नवी नव्हती, कोणाच्या तरी हातातून आलेली होती. तिचं आधीचं आयुष्य कसं गेलं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मुलगा दुकानात आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बाबा, चाकं बघा हिची. पैलवानाला काटकुळे पाय लावल्यासारखी दिसतात. रुंद रिम लावू, रुंद टायर लावू."

"बनवणाऱ्यानं काहीतरी विचार करून लावली असतील ना?"

"रुंद चाक रस्ता घट्ट धरतं. वळणावर कळतो फरक."

"वळणावर कळण्यासारखं काही नसलेलंच बरं."

मुलगा हसला. "तुम्ही नका लावू. मोठ्या रस्त्यावरचा तो नवा दुकानदार चहा पिऊन होईपर्यंत लावून देतो म्हणालाय."

चहा पिऊन होईपर्यंत. सावकाशने हातातला पान्हा खाली ठेवला. तो घरात गेला, पाणी प्यायला, परत आला आणि म्हणाला, "आण रिम. मीच लावतो."

लावणारच आहे तर दुसऱ्याच्या हातून नको, एवढाच त्याचा हिशेब. मुलाला वाटलं, म्हातारा सुधारला.

रुंद चाकाची भानगड अशी असते, की ते गाडीच्या पोटाखाली आतही सरकतं आणि बाहेरही येतं. आत सरकलं तर ब्रेकच्या नळीला घासायचं, बाहेर आलं तर मडगार्डला. सावकाशने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः खाली झोपून बोट घालून घालून बघितलं. मागच्या मडगार्डची आतली कड धारदार होती. ती गरम हवेने शेकून, रूळ फिरवून आत दुमडली. रंगाचा टवकाही उडू दिला नाही. मुलगा दर थोड्या वेळाने यायचा आणि "झालं?" म्हणून जायचा.

त्यात व्याही आणि विहीणबाई चार दिवस राहायला आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच निळ्या गाडीतून सगळे जण घाट ओलांडून त्यांच्या गावी जायचे होते. मुलगा, सून, मांडीवरची नात आणि हे दोघं. व्याही शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. बसले तरी सावधानमध्ये बसायचे. दुकानासमोर खुर्ची टाकून ते सगळं बघत होते.

संध्याकाळी सावकाशने घरात हाक मारली, "अगं, कणीक मळ. घट्ट."

"मीठ घालू की बिनमिठाची खाते गाडी?" बायको आतून म्हणाली. तिला हे नवं नव्हतं.

ही त्याची स्वतःची रीत होती. गाडी रिकामी उभी असताना चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा दिसते, पण माणसं बसली, खड्डा आला, की गाडी खाली बसते आणि चाक कमानीत वर घुसतं. तेव्हा किती जागा उरते ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून तो चारही कमानींच्या आत, जिथे चाक लागायचा संभव तिथे, कणकेचा एकेक गोळा चिकटवायचा. टायरवर कोरडं पीठ फासायचं, म्हणजे कणीक त्याला धरत नाही. मग गाडीत माणसं भरायची, गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकावरून गाडी न्यायची आणि परत आणून गोळे बघायचे. जिथे चाक वर आलं तिथे गोळा दबलेला असतो. दबलेल्या जागी काडी खुपसायची. काडी बोटभर आत गेली तर ठीक. गोळा पापुद्र्यासारखा झाला असेल तर चाक उतरवायचं.

"आमच्याकडे कणीक माणसं खातात," व्याही म्हणाले.

"चला, वजनाला बसा," मुलगा म्हणाला. सगळे हसत बसले. पुढे मुलगा आणि व्याही, मागे विहीणबाई आणि नातीला घेऊन सून. सावकाश चाकाशेजारून कान देऊन चालत राहिला. गाडी गतिरोधकावर चढली, धपकन उतरली. इंजिन असं गुरगुरत होतं की त्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

परत आल्यावर गाडी वर घेतली. पुढचे दोन्ही गोळे छान, काडी खोल गेली. मागचा उजवाही छान. मागच्या डाव्या कमानीत हात घातला तर गोळाच नव्हता. नुसता पिठाचा ओला डाग.

"पडला वाटेत कुठेतरी," मुलगा म्हणाला. "कुत्र्याने खाल्ला असेल."

सावकाशच्या ओठांवर आलं होतं, की अगं, परत कणीक मळ. त्याने घराकडे मान वळवलीसुद्धा. तेवढ्यात व्याही म्हणाले, "आता काय, गाडीला दुसऱ्यांदा वाढणार?"

"बाबा, उजवीकडे एवढी जागा आहे ना?" मुलगा म्हणाला. "मग डावीकडे काय वेगळं असणार? माणसाचा डावा पाय काय उजव्यापेक्षा जाड असतो?"

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मुलगा हसला. व्याही तर मांडीवर थाप मारून हसले. आणि सावकाशही हसला. पाहुण्यांसमोर किती भ्यायचं, असं त्याला वाटलं असेल. जन्मात न बोललेलं वाक्य तो बोलला, "खरंय. डावं-उजवं सारखंच."

फक्त सून हसली नाही. तिने काही बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, आणि ती नातीच्या फ्रॉकची बटणं लावायला लागली. बटणं लावलेलीच होती. सावकाशला ते दिसलं होतं, पण दिसलेलं सगळं मनात कुठे राहतं.

सकाळी सामान चढलं, माणसं बसली. सावकाशने थाप मारायला हात उचलला, तोच व्याह्यांनी खिडकीतून तोंड काढून त्याच्याच आवाजात म्हटलं, "सावकाश." गाडीत हशा पिकला. उचललेला हात सावकाशने तसाच निरोपासाठी हलवला. गाडी गेली. तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

त्याने दुकान उघडलं, पिंजरा पुसला, पान्हे लावले. एक पान्हा दोनदा उलटा लावला. अखेर तो उठला आणि गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकापर्यंत गेला. आपण कशाला आलो हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. गटाराच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. रांगेच्या मागे मागे गेला, तर एका दगडाच्या आडोशाला गोळा पडला होता. रात्रभरात वाळून विटेसारखा झालेला.

त्याने तो उचलला, मुंग्या फुंकल्या आणि उजेडात धरला. गोळा मधोमध पापुद्र्यासारखा चपटा झाला होता. आणि त्या पापुद्र्याच्या बरोबर मध्ये आरपार भोक होतं. भोकाच्या कडेला स्क्रूचे आटे उमटले होते. एकाखाली एक, मोजून घ्यावेत इतके साफ.

मागचा बंपर जिथे मडगार्डला जोडतात तिथे आतून एक स्क्रू असतो, छोटासा. या गाडीला कधीतरी मागून डावीकडे मार बसला असणार. कोणीतरी चहा पिऊन होईपर्यंत दुरुस्ती करून दिली असणार, आणि छोटा स्क्रू मिळाला नाही म्हणून लांब ठोकून दिला असणार. काल संध्याकाळी अंधारात त्याचं बोट त्या कोपऱ्यापर्यंत गेलं नव्हतं. जुनं बारीक चाक त्या टोकापर्यंत पोचत नव्हतं. रुंद चाक पोचत होतं. गाडी भरलेली, मागे सामान, घाटाचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला ते लोखंडी टोक टायरला करवतणार. टायर आधी काही बोलत नाही. रबराखालच्या दोऱ्यांपर्यंत कापला जातो, तापतो, आणि मग एखाद्या उताराच्या वळणावर एकदाच बोलतो.

त्याने मुलाला फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. परत लावला, परत कापला. तिसऱ्यांदा बाई म्हणाली, आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते संपर्क क्षेत्राबाहेर आहेत. सुनेच्या फोनवरही तीच बाई. घाट लागला होता.

बायको मागच्या दारी भांडी घासत होती. तिने बघितलं, नवरा निळ्या गाडीची जुनी चाकं दोन्ही हातांनी दुकानाच्या छोट्या टेम्पोत टाकतोय. टाकतोय, ठेवत नाही. "अहो, काय झालं?"

त्याने गोळा तिच्या हातावर ठेवला. आयुष्यभर ती कणीक तिने मळली होती. कुठला गोळा काय सांगतो ते तिला कळत होतं. तिने भोकातून करंगळी घातली. हाताला राख तशीच घेऊन ती टेम्पोत बसली.

त्या दिवशी सावकाशने टेम्पो कसा चालवला ते बघणाऱ्यांना खरं वाटलं नसतं. पुढच्या गाड्या बाजूला होत होत्या. मागे चाकं एकमेकांवर आपटत होती. बायकोने दरवाजाची कडी दोन्ही हातांनी धरली होती. ती एवढंच म्हणाली, "नात पुढे बसली असेल का मागे?"

"मागे."

"डावीकडे?"

त्याने गिअर बदलला. सून नेहमी डाव्या खिडकीशी बसायची.

घाट सुरू झाला आणि प्रत्येक वळण त्याच्यासमोर एक बंद दार होऊन यायला लागलं. वळण उघडायचं, मागे नुसता रस्ता असायचा, की पुढचं दार. एका ठिकाणी रस्त्यावर टायरचे काळे ओरखडे होते, कठड्यापर्यंत गेलेले. तो थांबला, काच खाली करून बघितलं. जुने होते, त्यांच्यावर धूळ बसलेली. पुढे निघाला.

त्यापुढच्या वळणावर पाच-सहा माणसं कठड्यावर ओणवी होऊन खाली दरीत बघत होती.

सावकाशने टेम्पो उभा केला. इंजिन बंद केलं. दरवाजा उघडला आणि पाय खाली टाकायला गेला, तर पाय येईनात. गुडघ्यापासून खाली ते जणू दुसऱ्या कोणाचे झाले होते. त्याला आपल्याच कानांत उस्तादाचा आवाज ऐकू येत होता, कोणी बोलतंय का रे.

"तुम्ही बसा," बायको म्हणाली. "मी बघते."

ती चालत गेली. कठड्याशी गेली. तिनेही ओणवून बघितलं, आणि किती तरी वेळ ती तशीच राहिली असं त्याला वाटलं. मग ती वळली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्याला होईना म्हणून तो तिच्या चपलांकडे बघत राहिला.

"कोणाची तरी टोपी पडलीय खाली झाडावर," ती म्हणाली. "ती कशी काढायची त्याच्यावर वाद चाललाय." आणि टेम्पोत बसल्यावर ती रडली.

निळी गाडी दिसली ती घाटमाथ्यावर, उतार सुरू व्हायच्या जरा अलीकडे. रस्त्याच्या कडेला सपाट जागेत, चारी चाकांवर उभी होती. आत कोणी नव्हतं. मग झाडाखाली विहीणबाई दिसल्या, मांडीवर नात बिस्किट खात होती. व्याही हात मागे बांधून उभे होते. मुलगा येरझारा घालत होता. सून सगळ्यांपासून लांब एका दगडावर बसली होती आणि तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"बाबा, बरं झालं आलात," मुलगा म्हणाला. "हिला सांगा. किल्ली घेऊन बसलीय. देतच नाही."

सून उठली. सासऱ्याकडे आली आणि खाली बघून म्हणाली, "बाबा, काल वजनाला बसले होते तेव्हाच ऐकलं होतं मी. माझ्या बाजूच्या चाकातून, नखानं पत्रा खरवडल्यासारखं. बोलायला हवं होतं. सगळे हसत होते."

"आणि आज?"

"आज घाटात परत तोच आवाज. म्हटलं थांबवा. हे म्हणाले, खडा अडकला असेल. परत म्हटलं. म्हणाले, तू पण आता बाबांसारखी झालीस." ती जरा थांबली. "मग मी म्हटलं, मला उलटी होतेय."

"सीटची कव्हरं नवीन आहेत," मुलगा पुटपुटला.

"हो ना," त्याची आई म्हणाली. "बायको गेली तर दुसरी मिळते. कव्हरं त्या रंगात कुठे मिळायची."

कोणी हसलं नाही. सावकाश गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसला. जळक्या रबराचा वास येत होता. टायरच्या खांद्यावर सगळीकडून एक चर पडला होता, सुतळी बसेल एवढा, आणि एके जागी चराच्या तळाशी पांढरे दोरे दिसत होते. त्याने मुलाचं बोट धरलं, लहानपणी धरायचा तसं, आणि त्या चरात ठेवलं.

मुलाने बोट फिरवलं. दोऱ्यांपाशी ते थांबलं. त्याने मान वर करून पुढे बघितलं. तिथून रस्ता खाली उतरत होता, एकाखाली एक वळणं. मग झाडाखालच्या आपल्या मुलीकडे बघितलं.

चाकं काढायला सावकाशने पान्हा घेतला, पण तो नटावर बसेना. दोनदा निसटून दगडावर पडला. मुलाने तो उचलला. "कुठला नट आधी?"

"समोरासमोरचे. एक इकडचा, एक तिकडचा."

व्याह्यांनी न सांगता एक मोठा दगड उचलून चाकामागे लावला आणि तो हलत नाही ना, ते पायाने दाबून बघितलं. मुलाने चारही जुनी चाकं चढवली. नट आवळले. उठला, टेम्पोतली बाटली घेऊन पाणी प्यायला, आणि परत वाकून पहिल्यापासून आवळायला लागला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काम होता होता तो खाली बघूनच म्हणाला, "फोन मी बघितला होता. मीच कापला. म्हटलं, तुम्ही तेच म्हणणार."

"तेच म्हणणार होतो," सावकाश म्हणाला. "रोज हाक मारणाऱ्याची हाक कोण ऐकतो. पण काल तुमच्याबरोबर मी हसलो. ते नको होतं करायला. मला तेव्हाही भीतीच वाटत होती."

उतार सगळा त्यांनी मागे-पुढे उतरला. पुढे टेम्पो, मागे निळी गाडी. शर्यतीचं काळीज घेऊन ती त्या खडखडणाऱ्या टेम्पोच्या मागे, पायरी पायरीने म्हातारं माणूस उतरतं तशी उतरत होती. टेम्पोला मागे टाकायला जागा होती, पण मुलाने टाकलं नाही. सावकाश आरशात बघत होता. प्रत्येक वळणाला ती निळी गाडी आरशातून नाहीशी व्हायची आणि ती परत दिसेपर्यंत त्याचा जीव गळ्याशी यायचा. आता चाकं जुनी होती, नट दोनदा आवळलेले होते, भ्यायचं काही कारण नव्हतं. पण भीतीला हे समजावणार कोण.

घाट संपला तिथे व्याह्यांच्या गावाचा फाटा होता. दोन्ही गाड्या थांबल्या. सावकाश उतरून निळ्या गाडीपाशी गेला. व्याह्यांनी काच खाली केली आणि ते नुसते बघत राहिले. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली. त्याच्या तोंडातून शब्द मात्र बाहेर आला नाही.

"हो, बाबा," आतून सून म्हणाली.

गाडी गेली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बायकोने त्याची मूठ उघडून बघितली. वाळलेल्या गोळ्याचा त्याने चुरा करून टाकला होता. तिने पदराने त्याचा तळहात पुसला आणि त्याला टेम्पोकडे वळवलं.

"आता जाताना तुम्ही पण जरा सावकाश," ती म्हणाली. "येताना माझा जीव घेतलात."